पोत्यावरचे बत्तीस टक्के आणि कोळंबीच्या अंगी लागणारं प्रथिन

पंढरपूर तालुक्यातल्या एका डाळिंब बागायतदार मित्राने या पावसाळ्यात आपल्या शेततळ्यात कोळंबीचं बीज सोडलं. महिन्याभराने त्याच्याकडे गेलो तर चहा यायच्या आत त्याचा प्रश्न आला. “पोत्यावर प्रथिनं बत्तीस टक्के लिहिलंय. सोयाबीनची पेंड आन् मक्याचा भरडा कालवून मी घरीच बत्तीस टक्के करतो की! मग पोत्याला एवढं पैसं कशाला मोजायचं?”

त्याचं गणित चुकलेलं नव्हतं. पेंडीत ४५ टक्के प्रथिन आणि भरड्यात ९ टक्के धरलं, तर ६४ किलो पेंड आणि ३६ किलो भरडा मिसळून बरोबर ३२ टक्के येतात. कागदावर खाद्य तयार! तरीही ते घालून कोळंबी नीट वाढेल का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. का कळत नाही, ते या लेखात सांगायचं आहे.

राज्य मंत्रिमंडळाने २२ एप्रिल २०२५ रोजी मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला, तेव्हापासून शेततळ्यातल्या मासे-कोळंबीची चौकशी वाढली आहे. विजेचा दर, कर्ज, विमा यांवर भरपूर बोललं जातं. खाद्यावर फारसं कुणी बोलत नाही, आणि कोळंबीपालनात निम्म्याहून अधिक खर्च होतो तो तिथेच.

आधी ही कोळंबी कोणती ते पाहू

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं वाढीव शुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि कोळंबी उत्पादक हवालदिल झाले, ही बातमी अनेकांनी वाचली असेल. ती कोळंबी प्रामुख्याने व्हनामेई, आंध्रच्या किनारपट्टीतल्या तळ्यांत वाढणारी. आपण बोलतोय ती गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, जिला व्यापारात स्कॅम्पी म्हणतात. लांब निळ्या नांग्यांमुळे तिचा नर लगेच ओळखू येतो. तिचं अगदी कोवळं पिल्लू मात्र मचूळ पाण्याशिवाय जगत नाही, म्हणून बीज किनाऱ्याजवळच्या बीजकेंद्रांतून आणावं लागतं. एकदा ती अवस्था सरली की पुढचं सगळं आयुष्य गोड्या पाण्यात.

खाण्याच्या बाबतीत ती चोखंदळ नाही. तळाशी राहते, अंधार पडला की हिंडायला लागते आणि पुढ्यात येईल ते खाते: कुजकी पानं, शेवाळ, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या, मेलेला मासा. कात टाकून मऊ पडलेली स्वतःची बहीणसुद्धा ती सोडत नाही. असं मिश्र खाणं अंगवळणी असल्यामुळे खाऱ्या पाण्यातल्या वाघ कोळंबीपेक्षा तिच्या खाद्यातलं प्रथिन थोडं कमी असलं तरी भागतं. साधारण २८ ते ३५ टक्के पुरतात आणि त्यातला बराच भाग वनस्पतींतून आलेला चालतो. सोलापूरसारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यासाठी हीच सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे.

मासळीची भुकटी एवढी महाग का?

कोळंबीच्या खाद्यात पिढ्यान् पिढ्या मुख्य प्रथिन म्हणून फिशमील वापरलं गेलं. फिशमील म्हणजे तारली, मांदेलीसारखे छोटे मासे शिजवून, दाबून, वाळवून केलेली भुकटी. तिच्यात ६० ते ६५ टक्के प्रथिन असतं, ते सहज पचतं आणि तिच्या वासाने कोळंबी आपणहून खाद्याकडे येते.

पण एक किलो भुकटीला साधारण साडेचार किलो ताजे मासे लागतात. समजा तळ्यातून एक टन कोळंबी काढायची आहे, तिला दोन टन खाद्य लागलं आणि त्यात २० टक्के फिशमील होतं. म्हणजे ४०० किलो भुकटी, म्हणजेच १,८०० किलो मासे. एक टन कोळंबीसाठी पावणेदोन टनांहून जास्त मासळी! मला हा हिशोब अस्वस्थ करतो, कारण ती तारली किनाऱ्यावरच्या गरीब घरांतलं रोजचं जेवण आहे.

शिवाय ती दरवर्षी मिळेलच असं नाही. केरळात २०१२ मध्ये तारलीची पकड चार लाख टनांच्या घरात होती, २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. जगाला सर्वांत जास्त फिशमील पुरवणाऱ्या पेरू देशाने २०२३ मध्ये आपला मासेमारीचा पहिला हंगामच रद्द केला. समुद्र तापला होता आणि जाळ्यात पिल्लंच फार येत होती. पेरूतला समुद्र तापला की खाद्याच्या पोत्याचा भाव पंढरपुरातही हलतो, तो असा.

बत्तीस टक्के मोजतात कसे?

प्रयोगशाळेत खाद्यातलं प्रथिन थेट मोजत नाहीत. नमुन्यातला नायट्रोजन मोजतात. प्रथिनात सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणतात आणि उत्तर पोत्यावर छापतात. पोत्यावर ‘क्रूड प्रोटीन’ लिहिलेलं असतं ते हेच, ढोबळ प्रथिन.

आता युरियातही नायट्रोजन असतो, तोही भरपूर. खाद्यात कुणी युरिया मिसळला तर आकडा वाढतो, प्रथिन वाढत नाही. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन घालून हेच केलं गेलं आणि लहान मुलांचे जीव गेले. मेलामाइनमध्येही नायट्रोजन ठासून भरलेला असतो, त्यामुळे पाणी घातलेलं दूध तपासणीत चोख ठरत होतं.

लबाडी नसली तरी आकडा फसवू शकतो. किड्यांच्या कवचात कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो आणि त्यातही नायट्रोजन असतो. म्हणून खाद्यात वापरतात त्या अळ्यांच्या भुकटीचं प्रथिन ६.२५ ने काढलं की खऱ्याहून जास्त दिसतं. अभ्यासकांनी तिच्यासाठी ४.७६ च्या आसपासचा गुणक सुचवला आहे. दोन पोत्यांवर एकच आकडा असेल आणि आत वेगळा माल असेल, तर त्यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

चादरीच्या मागावर एक रंग संपला तर

प्रथिन हा एकच एक पदार्थ नाही. अमिनो आम्लं नावाचे वीसेक घटक गुंफून ते बनतं. त्यांतली दहा कोळंबीला स्वतःच्या शरीरात बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात.

सोलापूरच्या माणसाला हे सांगायला मागाइतकं सोयीचं काही नाही. जकार्डच्या मागावर पाच रंगांची चादर विणायला घेतली आहे. लाल, हिरव्या, पिवळ्या सुताच्या कांड्या ढिगाने आहेत, पण निळ्या मोजक्याच. निळं सूत संपलं की नक्षी तिथेच थांबते, बाकीचं सूत कितीही उरलेलं असो. विणकर उरलेलं सूत दुसऱ्या चादरीसाठी ठेवील. कोळंबीला ती सोय नाही. उरलेली अमिनो आम्लं तिचं शरीर जाळून टाकतं आणि त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे पाण्यात जातो. म्हणजे आपण पैसे मोजून तळ्यात विष कालवलं.

सोयाबीनच्या पेंडीत हे ‘निळं सूत’ म्हणजे मेथिओनिन. फिशमीलच्या प्रथिनात जेवढं असतं, त्याच्या जेमतेम निम्मं पेंडीच्या प्रथिनात असतं. मित्राचं मिश्रण बत्तीस टक्क्यांचं होतं, पण त्याचा माग लवकर थांबणार होता.

आपल्या ताटात हीच अडचण आजीने कधीच सोडवलेली आहे. तुरीच्या डाळीत मेथिओनिन कमी आणि लायसिन भरपूर, ज्वारीत लायसिन कमी पण मेथिओनिन बरं. भाकरीबरोबर डाळ खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. कोळंबीचं खाद्य जुळवायचं तेही असंच, चार ठिकाणचं प्रथिन एकत्र आणून. फिशमीलची जागा एकट्याने घेईल असा माल शोधत बसलो तर शोधतच राहू.

“मग पोल्ट्रीवाले वापरतात ती मेथिओनिनची पावडर घालू की,” असं मित्र म्हणाला. कोंबडी दाणा टिपते आणि गिळते. कोळंबी गोळी पायांत धरून कुरतडत बसते, आणि तोवर पाण्यात विरघळणारी पावडर निघून गेलेली असते. पाण्यात न सुटणारं, वेष्टन दिलेलं मेथिओनिन मिळतं. वापरायचं तर ते.

आपल्या आसपास काय काय आहे?

सोयाबीनची पेंड पहिली. बार्शी, अक्कलकोटकडे सोयाबीन पिकतं आणि शेजारी लातूरचा बाजार आहे. कच्चं सोयाबीन मात्र चालत नाही. त्यात प्रथिन पचू न देणारा एक घटक असतो, तो उष्णतेने मोडतो. तेल काढलेली आणि भाजलेली पेंडच घ्यायची. तिच्यातला फॉस्फरसही बराचसा बंदिस्त, म्हणजे कोळंबीला न मिळणारा असतो. पेंड आंबवली तर हे दोष कमी होतात. आंबील करणाऱ्या घरात हे वेगळं शिकवायला नको.

भुईमुगाच्या पेंडीला वास चांगला आणि प्रथिन चाळीसच्या वर, पण ओल लागली की तिच्यावर बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. पावसाळ्यात साठवलेली, कुबट वास येणारी पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल हा विषारी घटक असतो. म्हशीला चालते म्हणून ही पेंड कोळंबीला चालेलच असं नाही. ती थोडीच असावी.

मला जास्त आशा वाटते ती तीन गोष्टींची.

पहिली, इथेनॉलच्या कारखान्यातून निघणारा धान्याचा सुका चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात. धान्यातल्या पिष्टमयाची दारू झाली की प्रथिन, तेल आणि तंतू मागे राहतात. मक्यात ९ टक्के असलेलं प्रथिन चोथ्यात तिपटीच्या आसपास, २७ टक्क्यांपर्यंत जातं. तांदळाच्या चोथ्यात ते ४५ टक्क्यांच्या घरात असतं. मक्यापासून इथेनॉल वाढल्यापासून हा चोथा मुबलक झाला आणि त्याने सोयापेंडीचे भावही खाली ओढले. त्यात मेलेलं यीस्टही असतं, ते चांगलंच. पण मक्यावर बुरशीचं विष असेल तर तेही प्रथिनासारखंच तिप्पट होऊन चोथ्यात उतरतं. तपासणीचा कागद मागितल्याशिवाय हा माल उचलू नये.

दुसरी, रेशमाचा प्युपा, म्हणजे कोषाच्या आतला किडा. आपल्या जिल्ह्यात तुती लावून कोष घेणारे शेतकरी बरेच आहेत. शंभर किलो ताज्या कोषात रेशमाचं कवच वीसेक किलो असतं, बाकीचं बहुतेक वजन आतल्या प्युपाचं. कोष उकळून धागा काढला की प्युपा उरतो. वाळवलेल्या प्युपात निम्म्याहून अधिक प्रथिन असतं, आणि सोयाबीनला कमी पडणारं मेथिओनिन त्यात भरपूर असतं. चादरीचं निळं सूत ते हेच. खोड एकच: त्यात तेलही पाव भागाच्या पुढे असतं, ते लवकर खवट होतं आणि उग्र वास सुटतो. तेल काढून वाळवलेला प्युपा हवा. तो मिळतो मात्र जिथे धागा काढतात तिथे. कर्नाटकातल्या रामनगरच्या बाजाराला कोष गेला की प्युपाही तिकडेच गेला. कोष काढणाऱ्याने कोळंबीवाल्याशी आणि दोघांनी धागा काढणाऱ्याशी बोलणं, एवढंच बाकी आहे, असं मला मनापासून वाटतं.

तिसरी, ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या. ही माशी आपल्या घरमाशीसारखी अन्नावर बसत फिरत नाही. प्रौढ झाल्यावर ती जवळजवळ काही खातच नाही. अळ्या मात्र अधाशी. मंडईतला उरलेला भाजीपाला, फुटलेली डाळिंबं यांवर त्या दोन-तीन आठवड्यांत पोसल्या जातात. वाळल्यावर चाळीसेक टक्के ढोबळ प्रथिन आणि तीसेक टक्के चरबी. चरबी काढल्यावर भुकटी जास्त टिकते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात सात जातींच्या कीटकांच्या प्रथिनाला परवानगी दिली, त्यांत ही आहे.

“किड्यांवर वाढलेली कोळंबी आम्ही खायची?”

हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो आणि तो रास्त आहे. ओढ्या-नदीतली कोळंबी किडे-अळ्याही खाते आणि तिच्या चवीचं आपण कौतुक करतो. गावठी कोंबडी उकिरडा उकरून काय खाते हेही आपल्याला ठाऊक आहे. किळस वाटण्यात गैर काही नाही, पण तिच्यामागे धोका आहे असं समजू नये.

खरा धोका अळ्यांना काय खायला घातलं यात आहे. कॅडमियमसारखे जड धातू अळीच्या शरीरात साठतात. म्हणून कारखान्याचा गाळ, मिश्र शहरी कचरा यांवर वाढवलेल्या अळ्या नकोत. युरोपात शेणावर आणि हॉटेलच्या खरकट्यावर वाढवलेल्या अळ्यांनाही मनाई आहे.

पोषणाचं म्हणाल, तर मासळीचं तेल पूर्ण बंद केल्यास कोळंबीतली ओमेगा-३ मेदाम्लं कमी होतात. थोडं मासळीचं तेल ठेवलं तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

मग फिशमील पूर्ण बंद का करू नये?

करता येतं, पण तळ्यावर अवलंबून आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या संशोधकांनी १९९३ साली याच कोळंबीवरचा तळ्यातला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी फिशमीलऐवजी सोयापेंड आणि मद्यनिर्मितीतला धान्यचोथा वापरला, काही तळ्यांत तर फिशमील पूर्णच वगळलं. उत्पादनात लक्षणीय फरक पडला नाही.

हे वाचून घाई करू नये. ती मातीची तळी होती. तळाच्या चिखलात अळ्या, गांडुळं, गोगलगायी, शेवाळ होतं, आणि खाद्यात जे कमी पडलं ते कोळंबीने तिथून उचललं. आपल्याकडची डाळिंब-द्राक्षाची शेततळी प्लास्टिकच्या अस्तराची. त्यांत चिखल नाही, म्हणून तळातलं फुकटचं जेवणही जवळपास नाही. मातीच्या गावतळ्यात जे मिश्रण चालेल ते अस्तराच्या शेततळ्यात तोकडं पडेल. सोलापूरसाठी मला ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि नेमकी हीच कुणी सांगत नाही.

शिवाय काही गोष्टी पेंडीत नसतातच. कोळंबीला कोलेस्टेरॉल बनवता येत नाही, आणि कात टाकण्याचं संप्रेरक कोलेस्टेरॉलपासूनच बनतं. कात टाकल्याशिवाय ती वाढूच शकत नाही. डॉक्टर आपल्याला जे टाळायला सांगतात ते तिला खाण्यातून मिळावंच लागतं. दुसरं वासाचं. तळाच्या अंधारात ती मिशांनी वास घेत खाद्य शोधते. निव्वळ सोयाबीनची गोळी तिला सापडते उशिरा, आणि सापडली तरी ती अर्धवट सोडून देते. म्हणून अस्तराच्या तळ्यात पाच टक्क्यांच्या आसपास फिशमील किंवा कोळंबीच्या डोक्यांची भुकटी राहू द्यावी, असं माझं मत आहे. आधीच्याच हिशोबात वीसचे पाच टक्के केले, तर एक टन कोळंबीमागे १,८०० ऐवजी ४५० किलो मासे लागतील.

अस्तराच्या तळ्यात फुकटचं जेवण थोडंफार तयारही करता येतं. बांबूच्या काटक्या, जुन्या जाळ्या पाण्यात उभ्या सोडल्या की त्यांवर शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर धरतो. कोळंबी तो खरवडून खाते, आणि कात टाकताना लपायला आडोसाही मिळतो. मळी घालून पाण्यातला अमोनिया जिवाणूंना खाऊ घालायचा आणि त्या जिवाणूंचे गठ्ठे कोळंबीने खायचे, ही बायोफ्लॉकची पद्धत. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात मळीची वानवा नाही. मात्र हवा देणारं यंत्र चोवीस तास चालावं लागतं, आणि रात्री वीज गेली तर काय, याचं उत्तर आधी हवं.

गोळी फुटली तर सगळंच पाण्यात

मित्राने कालवलेलं मिश्रण मी ग्लासभर पाण्यात टाकायला सांगितलं. पाच मिनिटांत ते विरघळून तळाला गाळ बसला. कोळंबीला खायला तास-दोन तास लागतात, तेवढा वेळ गोळी अखंड राहायला हवी.

घरातल्या बाईमाणसांना याचं उत्तर लगेच कळतं. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून भाकरीसाठी आधण ठेवून पीठ उकळत्या पाण्यात मळतात. उष्णतेने पिठातलं पिष्टमय फुगतं आणि चिकटतं. खाद्याच्या कारखान्यात वाफ हेच काम करते. घरी करायचं तर सगळा माल बारीक दळायचा, त्यातलं थोडं पीठ उकडून घ्यायचं, त्यात बाकीचं मळायचं, यंत्रातून शेवया पाडायच्या आणि सावलीत वाळवायच्या. भरडा जाड राहिला की शेवई तिथेच तुटते.

पोत्याचा भाव आणि कोळंबीचा भाव

शेवटी पैशांचं. समजा घरचं खाद्य ४० रुपये किलो पडलं आणि एक किलो कोळंबीला ते तीन किलो लागलं, तर १२० रुपये झाले. पोत्यातलं खाद्य ६० रुपयांचं, पण १.८ किलोतच काम झालं, तर १०८ रुपये. आकडे नमुन्यादाखल आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. खाद्याच्या एका किलोचा भाव विचारण्याऐवजी कोळंबीच्या एका किलोमागचा खाद्यखर्च काढला, की कोणतं मिश्रण परवडतं ते दिसतं. आणि घरचं मिश्रण नीट जुळलं, पाण्यात टिकलं, दोन किलोत काम झालं, तर तेच ८० रुपयांत बसतं. म्हणून मी मित्राला नको म्हणालो नाही.

त्याने शेततळ्याच्या एका कोपऱ्यात दोन जाळीचे पिंजरे लावलेत. दोन्हींत मोजून सारखीच कोळंबी, सारख्याच काटक्या. एकात पोत्याचं खाद्य, दुसऱ्यात सोयापेंड, धान्याचा चोथा, प्युपा आणि पाच टक्के फिशमील यांच्या घरी पाडलेल्या शेवया. खाद्य ताटलीत ठेवायचं, मोठा वाटा संध्याकाळी, आणि दोन तासांनी ताटली वर काढून उरलेलं वहीत लिहायचं, असं चाललं आहे. वही त्याच्या मुलीकडे असते. कोळंबीला आपली थंडी मानवत नाही, पाणी गार पडलं की ती खाणं सोडते, म्हणून दिवाळी झाल्या झाल्या दोन्ही पिंजरे उचलून वजनं करायची ठरली आहेत.